ताई, आता तरी आभार मानू द्या

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला आभार मानलेले आवडत नाहीत. फोनवर मी तोंड उघडलं की "बरं बरं, पुढचं बोल" म्हणून तुम्ही विषय मोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे मला मध्येच तोडता येणार नाही. निमित्तही तसंच आहे. माझी उर्कुंडे, म्हणजे नर्स म्हणून मान्यतेचं प्रमाणपत्र, हातात आली. कागदोपत्री मी आता इथे जर्मनीत पूर्ण मान्यता मिळालेली नर्स आहे. तुमचं नाव लिहायचं नाही ही अट पाळतेय. बाकी सगळं लिहिणार आहे.

आपली ओळख म्हणाल तर नव्हतीच. आमच्या इन्चार्ज सिस्टर तुमच्या बॅचच्या, एवढ्या धाग्यावर मी मेसेज टाकला होता, "ताई, जर्मनीला यायचंय, तिकडे कुठे ओळख आहे का?" तुमचं उत्तर आलं, "ओळख नाही. वेळ आहे. चालेल का?" खरं सांगते, वाचून मी जरा खट्टू झाले होते. आपल्याकडे नोकरी म्हटली की आधी कुणाचा तरी शब्द लागतो अशीच सवय असते ना.

आणि वेळ तरी कसला! तुमची जर्मनीतली सकाळची ड्यूटी दुपारी दोनच्या पुढे सुटायची. तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात सहा वाजायला आलेले असायचे आणि माझी नाइट आठला. मधल्या पट्ट्यात तुम्ही ट्राममधून फोन करायचात, पुढच्या स्टॉपचं नाव पुकारणारी बाई आपल्या बोलण्यात मध्येमध्ये यायची, आणि मी होस्टेलच्या गच्चीवर युनिफॉर्म घालून तयार. हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की हाच पट्टा तासाभराने आखडायचा. तेव्हा तुम्ही जेवण बाजूला ठेवून बोलायचात, हे मला फार उशिरा कळलं.

इकडच्या हॉस्पिटलने घेतलेल्या मुलाखतीच्या आधी पैशाचं सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या मुलींना तेच जास्त उपयोगी पडेल. मी ज्या एजंटकडे नाव घातलं होतं, त्याने "प्रोसेसिंग"चे म्हणून काही लाख मागितले होते आणि वर मूळ मार्कशीट, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट जमा करायला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारलात, "त्याचा लायसन नंबर काय?" परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) कायद्याखाली नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते आणि उमेदवाराकडून त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही, हे नर्सिंगच्या सगळ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या एजंटचं नाव पोर्टलवर नव्हतंच. इकडची बरीच हॉस्पिटलं भरतीचा खर्च स्वतः उचलतात आणि तशी हमी देणाऱ्या एजन्सींना जर्मन सरकारचं एक गुणवत्ता चिन्हही मिळतं, हेही तुम्हीच दाखवलंत. "मूळ कागद तुझ्या ट्रंकेत. बाकी सगळ्यांना झेरॉक्स." हे वाक्य मी आता जिला तिला ऐकवते.

भाषेवर फार लिहीत नाही. मॅक्स म्युलर भवनची जर्मनची परीक्षा दिलेल्या प्रत्येकीला ते दुखणं ठाऊक आहे. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण, चारही भागांत शंभरपैकी साठ हवेत, आणि बी-वन ही पायरी पार झाली की वरची बी-टू समोर उभीच असते. तुम्ही एवढंच केलंत की व्याकरणाचं पुस्तक बंद करायला लावून मला वॉर्डातली वाक्यं बोलायला लावलंत.

मुलाखतीची तयारी मात्र सविस्तर सांगायलाच हवी.

आमच्या क्लासमध्ये एक टाइप केलेला कागद फिरायचा. त्यात "स्वतःबद्दल सांगा"चं उत्तर तयार होतं: मी कष्टाळू आहे, वक्तशीर आहे, लवचीक आहे, टीममध्ये काम करायला मला आवडतं. सगळ्या मुली तेच पाठ करायच्या. मी पहिल्या दिवशी ते तुम्हाला घडाघडा म्हणून दाखवलं तेव्हा तुम्ही शांतपणे विचारलंत, "हे झालं. आता परवाच्या नाइटला काय काय केलंस ते सांग." मी मराठीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, हेच जर्मनमध्ये सांग, तीन-तीन शब्दांची वाक्यं चालतील.

मग आला पेशंट पडल्याचा प्रश्न. तो विचारतातच, आणि आपल्याकडच्या मुली तिथेच अडकतात. आपल्या वॉर्डात कुणी पडलं की काय होतं? मामा, मावशी, नातेवाईक, शेजारच्या बेडवाले, सगळे धावतात आणि दोन मिनिटांत माणूस उचलून बेडवर. मीही तसंच सांगत होते. तुम्ही मला थांबवलंत आणि विचारलंत की माझ्या डोळ्यांसमोर कुणी पडलं होतं का. पडलं होतं. पहाटे तीनच्या सुमाराला बाथरूमच्या दारात एक आजोबा, हातात सलाइनचा स्टँड, आणि तेव्हा वॉर्डात मी एकटीच. मी काय केलं? त्यांच्याजवळ बसले, कारण उचलणं मला एकटीला जमणार नव्हतं. डोकं धरलं, नावाने हाक मारली, कुठे दुखतं विचारलं, पाय हलवू नका म्हटलं, ओरडून मावशींना बोलावलं, नाडी पाहिली, मग डॉक्टरांना फोन केला. तुम्ही म्हणालात, "अगं, अजून काय हवंय त्यांना? फक्त ओरडण्याच्या जागी बेल दाबली म्हण, आणि शेवटी लिहून ठेवलं म्हण. इथे पडल्याची नोंद करावीच लागते." प्रत्यक्ष मुलाखतीत हाच प्रश्न आला. आजोबांचा प्रसंग मी तोडक्यामोडक्या वाक्यांत सांगितला आणि स्क्रीनवरच्या नर्सिंग प्रमुख बाई लिहायचं थांबवून ऐकत बसल्या. "मी त्यांच्याजवळ थांबले" हे वाक्य व्याकरणात बरोबर होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता: पेशंटने अंघोळीला नाही म्हटलं तर? आपण म्हणतो, "असं नाही करायचं आजी, दोन मिनिटांत होईल," आणि करतोच. त्यात प्रेमही असतं. पण तुम्ही बजावलंत की "मी त्यांना समजावून तयार करेन" असं म्हणू नकोस. त्यांचा नकार मान्य करायचा, कारण विचारायचं, थोड्या वेळाने पुन्हा जायचं, तरी नाहीच म्हणाले तर लिहून पुढच्या पाळीला सांगायचं. इथे पेशंटची इच्छा ही फाइलमध्ये चढणारी गोष्ट आहे. इथे काम करताना रोज पटतं.

त्याच दिवशी तुम्ही मला थोडं घाबरवलंतही. आपल्याकडे स्पंजिंग, बेडपॅन, भरवणं हे नातेवाईक किंवा मावशी करतात, आणि आयसीयूतली नर्स म्हणजे व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, शीर सापडत नसलेल्या हाताला कॅन्युला. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, "कॅन्युला इथे बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं काम. अंघोळ घालणं मात्र पहिल्या दिवसापासून तुझं. हे ऐकून तोंड वाकडं होणार असेल तर येऊ नकोस." मी म्हटलं, माझी आजी दोन पावसाळे अंथरुणावर होती, तिचं सगळं मीच करत होते. तुम्ही लगेच म्हणालात, "मग हे सांग. व्हेंटिलेटरच्या आधी हे सांग." तिला कूस बदलून द्यायचं, पाठीला कुठे लाली आलीय का बघायचं, हे सगळं घरातलं काम म्हणून केलं होतं; नोकरीच्या मुलाखतीत ते सांगायचं असतं हे माझ्या डोक्यातही नव्हतं. बेडसोअर टाळण्यावर इथे किती भर असतो ते पुढे मान्यतेच्या कोर्सला कळलं.

न कळल्यावर "पुन्हा सांगाल का" म्हणायला तुम्ही किती घोटवलंत! आपण परक्या भाषेत घाबरलो की हसून "या, या" म्हणत राहतो, म्हणजे सगळ्याला हो. तुम्ही मुद्दाम माझ्याशी भरभर बोलायचात, मध्येच एक खोटं वाक्य घुसवायचात आणि मी "या" म्हटलं की विचारायचात, "कशाला हो म्हणालीस? मी सांगितलं की इन्सुलिन दुप्पट दे." तेव्हा राग यायचा. मुलाखतीत मी दोनदा सरळ सांगितलं की कळलं नाही, आणि त्या बाईंनी दोन्ही वेळा सावकाश सांगितलं.

एका ठिकाणी मात्र मी तुमचं ऐकलं नाही. "जर्मनीच का?" या प्रश्नावर पैशाचा विषय काढू नकोस, असं तुमचं मत. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मी सांगितलं की वडिलांच्या नावावर सोसायटीचं कर्ज आहे, ते फेडायचंय, आणि मला नर्स म्हणूनच राहायचंय, दुसरं काही करायचं नाही. बाईंनी मान डोलावली आणि पुढे गेल्या. आपण पैशासाठी आलोय हे त्यांना कळत नाही थोडंच! तुम्ही यावर अजून हसता, हसा.

शेवटी त्यांनी विचारलं, तुमचे काही प्रश्न? क्लासच्या कागदावर याचं उत्तर होतं "नाही, धन्यवाद". तुमच्या यादीतले मी विचारले: रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट असतात, मान्यतेच्या कोर्सचे तास कामात धरतात का, सुरुवातीला शिकवायला सोबत कोण असेल. तिसऱ्या प्रश्नाला त्यांच्याकडे नाव तयार होतं. तेव्हाच मी मनात ठरवलं, जायचं तर इथेच.

करार आला तेव्हा तुम्ही सुट्टीचा सबंध दिवस घालवून ओळ न् ओळ वाचलात. मान्यता मिळेपर्यंत पगार मदतनिसाच्या श्रेणीतला, हे मला तोपर्यंत नीट उमगलं नव्हतं. आणि ब्रुटोचा, म्हणजे कापण्याआधीच्या पगाराचा, आकडा बघून घरी पेढे वाटायच्या आधी कर आणि विमा कापून नेटो, म्हणजे हातात, किती उरतो ते तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. परतफेडीचं कलमही तुमच्याच नजरेत आलं. लवकर नोकरी सोडली तर भाषेच्या कोर्सचे सगळे पैसे परत, असं होतं. जितके महिने काम होईल तितकी ती रक्कम उतरत गेली पाहिजे, असं तुम्ही मला मेलमध्ये लिहायला लावलंत. माझे हात कापत होते, नोकरी जाईल म्हणून. चार दिवसांनी सुधारलेला करार आला, सोबत एका शब्दाची तक्रार नाही.

हे सगळं करून तुम्हाला मिळालं काय, असं माझ्या आईने विचारलं होतं. मला सांगता आलं नाही. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच तुम्ही एकदा ओझरतं बोलला होतात. त्यावर मी पुढे विचारलं नाही आणि आत्ताही विचारत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या जुन्या वॉर्डातली एक मुलगी आहे, बीडकडची, बी-टूचं संभाषण तेवढं राहिलंय आणि मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. पेशंट पडल्याचा प्रश्न मी तिच्याकडून करून घेतलाय, पैशाच्या प्रश्नावर माझंच मत दिलंय. पण तिचा करार कुठल्या तरी वृद्धाश्रमाचा आहे आणि त्यातलं मला काहीच कळत नाही. तुम्हाला न विचारता तिला तुमचा नंबर दिलाय. रागवा, पण फोन उचला. अडीचनंतरच कर, असं तिला सांगून ठेवलंय.

तुमची,
गच्चीवरून बोलणारी