नवा फिल्टर बसवताना जुना स्पंज कचऱ्यात टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: माशांच्या टाकीला कॅनिस्टर फिल्टर बसवताना जुने मीडिया (फिल्टरमधला स्पंज आणि रिंगा) फेकून दिल्यामुळे मासे दगावल्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आम्ही आपल्या कंपनीचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, बंद डब्यासारखा फिल्टर) घेतला आणि घरी येऊन बसवून देण्याचे वेगळे पैसेही भरले. फिल्टर चांगला आहे. आवाज नाही, गळती नाही, पाण्याचा प्रवाह सांगितला तेवढा मिळतो. तक्रार आहे ती तो बसवण्याच्या पद्धतीबद्दल, आणि तीच पद्धत छापून देणाऱ्या आपल्या माहितीपुस्तिकेबद्दल.

आमची टाकी तीन फुटी, साधारण दीडशे लिटरची. एंजल माशांची पिल्ले वाढवायची म्हणून तळाला खडी किंवा वाळू ठेवलेली नाही. अशा टाकीत अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना राहायला मुख्य जागा एकच, ती म्हणजे फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. हे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. ते वाढतात फार सावकाश. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे जातात. आमच्या जुन्या फिल्टरमध्ये तो कित्येक वर्षे बसलेला होता.

आपला तंत्रज्ञ आला तेव्हा घरी आई होती. त्याने जुना फिल्टर उपसला, स्पंज सिंकमध्ये नळाखाली धरून पिळला. तपकिरी गाळाचे पाणी गेले, तसा तो स्पंज आणि सगळ्या रिंगा त्याने कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. आईने विचारले, "दादा, हे नव्यात घालायचं नाही का?" तो म्हणाला, "काकू, घाण आहे ती सगळी. नव्या मशीनमध्ये जुनं काही घालायचं नसतं, वॉरंटी जाते. अर्धं पाणी जुनंच ठेवलंय ना, त्यातले बॅक्टेरिया पुरतात."

हे साफ चुकीचे आहे. हे जिवाणू पाण्यात नगण्य असतात. ते पृष्ठभागाला चिकटून थर करून राहतात. जुने पाणी ठेवून वसाहत वाचत नाही, जुना स्पंज ठेवला तर वाचते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते. त्यामुळे स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळायचा. मी त्या मुलाला दोष देत नाही, तो पुस्तिकेप्रमाणेच वागला. पुस्तिकेत स्वच्छ छापले आहे की नवा फिल्टर लावण्यापूर्वी जुने सर्व साहित्य काढून टाकावे.

दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ झाले. निऑन टेट्रा हे छोटे मासे आधी गेले, सगळेच्या सगळे. एंजल पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते, कल्ले लालभडक झालेले. टेस्ट किटमध्ये अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) आला. आपल्या हेल्पलाइनला फोन केला तर उत्तर मिळाले, "एवढा चालतो." नाही चालत. आमच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या आसपास आहे. पीएच ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. मग बाटलीतले बॅक्टेरिया विकत घ्या, असे सांगितले गेले. ज्यांची वसाहत तुमच्या माणसाने फेकली, त्यांनाच आता तुमच्याकडून विकत घ्यायचे?

रोज क्लोरीन काढलेल्या पाण्याने पाणी बदलून आणि खाणे जवळपास बंद ठेवून आम्ही उरलेले मासे कसेबसे तगवले. तरीही एंजलची मोठी जोडी वाचली नाही. बोटाच्या पेराएवढे असताना आणलेले मासे होते ते. आई त्यांना रोज सकाळी चहाच्या आधी खाणे घालायची. ते गेल्याचे दुःख मी रकमेत मांडू शकत नाही, म्हणून त्याची भरपाईही मागत नाही.

पण हे सहज टळले असते. जुना आणि नवा फिल्टर महिना-दीड महिना एकाच टाकीवर सोबत चालवायचा, की नव्या मीडियावर वसाहत आपोआप धरते. तेवढी जागा नसेल तर जुना स्पंज आणि रिंगा ओल्या असतानाच नव्या कॅनिस्टरच्या बास्केटमध्ये घालायच्या आणि पंप लगेच सुरू करायचा, कारण या जिवाणूंना वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. आपल्या कॅनिस्टरला तीन बास्केट आहेत. एक जुन्या मीडियाला दिली असती तर काय बिघडले असते?

बसवण्याचे शुल्क, टेस्ट किट आणि औषधांचा खर्च परत मिळावा. बिले आणि फोटो सोबत जोडले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुस्तिकेतली ती सूचना बदला, फिल्टर बदलताना जुने मीडिया कसे वापरायचे ते मराठीत छापून द्या, आणि घरोघरी जाणाऱ्या तंत्रज्ञांना ते शिकवा. जुने मीडिया घातल्याने वॉरंटी जाते की नाही, तेही लेखी कळवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपला एक ग्राहक, ठाणे