रिसर्च ट्रॅकबद्दल खरं सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

काल अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, माझी रँक लिस्ट, म्हणजे पसंतीक्रमाची यादी, सर्टिफाय केली. सगळ्यात वर मेडिसिनची नेहमीची तीन वर्षांची रेसिडेन्सी आहे. रिसर्च ट्रॅक, म्हणजे प्रशिक्षणाला संशोधनाची वर्षं जोडलेला मार्ग, यादीत कुठेच नाही. हे तुम्हाला सगळ्यांआधी कळवावंसं वाटलं. तुम्ही स्वतः त्याच ट्रॅकमधून आलात आणि आज त्यासाठी उमेदवार निवडता. मला "ये" म्हणणं तुम्हाला किती सोपं होतं!

तुमच्याआधी बऱ्याच जणांना विचारून झालं होतं. ज्यांच्या लॅबमध्ये मी राबले, ते सर "आवड असेल तर घे" म्हणाले आणि लगेच पुढच्या पेपरच्या आकृत्या कधी देणार यावर आले. दुसऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितलं की परदेशी पदवीधराला मोठ्या हॉस्पिटलात शिरायला ही सोयीची वाट आहे, एकदा आत गेलीस की रिसर्च सोडून दे. मनापासून संशोधन करू पाहणाऱ्याची जागा अडवायचा हा सल्ला शिकवणाऱ्या माणसाने द्यावा, याचा मला अजून राग येतो.

तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "व्हिसा कोणता?" आणि पुढचा सगळा रस्ता समोर मांडलात. दोन वर्षं वॉर्ड, पुढे फेलोशिप म्हणजे एखाद्या शाखेतलं विशेष प्रशिक्षण, मग तीन वर्षं ८० टक्के वेळ संशोधनाला. हे सहा-सात वर्षांचं गणित मला माहीत होतं. त्यानंतरचं कुणी बोललंच नव्हतं. तरुण डॉक्टर-संशोधक ज्या के-०८ नावाच्या सरकारी संशोधन ग्रँटवर उभा राहतो, तिला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग सरता सरत नाही. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर आलं की दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. ती माफ करून घ्यायची तर बहुतेकांना डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ पेशंट बघावे लागतात. म्हणजे संशोधन जेमतेम रुजतंय तेव्हाच लॅब सोडायची. यातूनही वाट काढलेली माणसं आहेत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. के-९९ सारखी परदेशी नागरिकांना खुली असलेली ग्रँट आहे, तीही सांगितलीत. इतरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांनी फक्त माझ्या बाजूने विचार करायची तसदी घेतली नाही.

पण मॅडम, हे पत्र व्हिसासाठी नाही. तुम्ही मला एक फोन नंबर दिलात, त्यासाठी आहे.

तुमच्या हाताखाली शिकून प्रोफेसर झालेल्या कुणाशीही तुम्ही माझी गाठ घालून देऊ शकला असता. तुम्ही नंबर दिलात तो रिसर्चची वर्षं अर्धवट सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा. आधी त्याची परवानगी घेतलीत, मला म्हणालात, "त्याच्याशी मोकळेपणाने बोल, माझ्याबद्दलही विचार." आणि तो काय म्हणाला हे तुम्ही नंतर कधीच विचारलं नाहीत. एकदाही नाही. तुमचं हे न विचारणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तो खूप बोलला. प्रयोग फसतात म्हणून त्याने सोडलं नव्हतं. रिसर्चच्या वर्षांत आठवड्यातून अर्धा दिवस क्लिनिक असायचं आणि तो आठवडाभर त्या अर्ध्या दिवसाची वाट बघायचा. हे ऐकलं आणि मी गप्प झाले, कारण लॅबमध्ये माझंही तेच व्हायचं. चांगला निकाल आला तरी मन वॉर्डातल्या पेशंटपाशी असायचं. तुमच्याबद्दल तो आदरानेच बोलला. त्याने सोडायचं ठरवलं तेव्हा तुम्ही त्याला कमी लेखलं नाहीत, नव्या नोकरीसाठी शिफारसपत्रही दिलंत, हे त्याच्याकडूनच कळलं.

डॉक्टर-संशोधक दुर्मीळ होत चालल्याचा इशारा अमेरिकन डॉक्टर जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ मध्ये दिला होता. ती चिंता तुमच्या बोलण्यातही सतत जाणवत होती. माणसं हवी असताना समोर आलेल्या इच्छुक मुलीला तुम्ही सोडून गेलेल्याशी बोलायला पाठवलंत. स्वतःची गरज एवढी बाजूला ठेवणारे लोक असतात, म्हणून आमच्यासारख्या इथे कुणीच ओळखीचं नसलेल्यांचा निभाव लागतो. असे शिक्षक प्रत्येक विभागात एक जरी असले, तरी किती मुलांची वर्षं वाचतील!

संशोधन मी कायमचं सोडलेलं नाही. तीन वर्षांनंतर फेलोशिपमधून तिकडे वळता येतं हेही तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा मन पुन्हा तिकडे ओढलं, तर पहिला फोन तुम्हालाच करेन. तुम्ही ज्याचा नंबर दिलात, त्या तुमच्या विद्यार्थ्यालाही माझा नमस्कार सांगा. मार्चमध्ये मॅच, म्हणजे कुठे जागा मिळाली याचा निकाल, लागला की दोघांनाही कळवते.

तुमची ऋणी,
एक होऊ घातलेली रेसिडेंट