नर्सिंगच्या विद्यार्थिनींना विष्णुपुरीचा माळ मोकळा करावा

माननीय संपादक,

महोदय,

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की महाविद्यालयांची माहितीपत्रके घरोघर पोहोचू लागतात. नांदेड परिसरातल्या अशा काही माहितीपत्रकांत प्रयोगशाळा आणि रुग्णालयातील खाटांच्या संख्येच्या जोडीला हल्ली निसर्गही दिसू लागला आहे. कुठे विष्णुपुरीच्या धरणाचे पाणी, कुठे सहस्रकुंडचा धबधबा, तर कुठे माहूरचा गड. ठिकाणे खरीच सुंदर आहेत आणि एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. मात्र ही छायाचित्रे पाहून प्रवेश घेतलेल्या मुलीला चार वर्षांत त्यांपैकी कुठे जाता येते, हे पालक विचारत नाहीत आणि संस्थाही आपणहून सांगत नाहीत. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना अनेक वर्षे शिकविलेली शिक्षिका म्हणून मी एवढे सांगू शकते की माझ्या पाहण्यातल्या कित्येक मुलींनी वसतिगृहाच्या गच्चीवरून दिसणारा माळसुद्धा जवळून पाहिलेला नव्हता.

या शिक्षणात दिवस कसा जातो, याची बाहेरच्यांना फारशी कल्पना नसते. सकाळी सातच्या सुमारास गणवेश चढवून वॉर्डात हजर व्हायचे, दुपारपर्यंत उभ्याने काम करायचे, जेवण उरकून वर्गात बसायचे आणि रात्री केस प्रेझेंटेशन (नेमून दिलेल्या रुग्णाची वर्गात मांडायची माहिती) व केअर प्लॅन (त्याच्या शुश्रूषेचा आराखडा) लिहायचे. महिला शस्त्रक्रिया वॉर्डात पहिल्यांदाच लागलेल्या मुली संध्याकाळी बादलीत कोमट मिठाचे पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसतात आणि मांडीवरच्या जर्नलमध्ये रुग्णाच्या नाडीचा तक्ता भरत राहतात, हे दृश्य कोणत्याही नर्सिंग वसतिगृहाला नवे नाही. शरीराचा थकवा झोपेने जातो. परंतु वयाच्या अठराव्या वर्षी डोळ्यांसमोर पहिला मृत्यू पाहिल्यावर मनावर जे येते, ते चार भिंतींत आणि मोबाइलच्या पडद्यावर उतरत नाही. मोकळ्या हवेत तासभर चालून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वॉर्डात वेगळी दिसते. हे सिद्ध करायला मला कोणत्याही संशोधनाची गरज वाटत नाही.

विष्णुपुरीत तर यासाठी वेगळे काही उभारावे लागणार नाही. 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर इथेच आहे, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय इथेच आहे आणि गोदावरीही इथूनच वाहते. अडचण आहे ती कागदावरची. आरोग्यशास्त्राची महाविद्यालये 1998 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आहे. त्यामुळे नांदेडमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचे विद्यापीठ नाशिकचे ठरते, आणि दारासमोरच्या विद्यापीठाच्या मैदानावर तिला हक्क सांगता येत नाही. खासगी नर्सिंग महाविद्यालयांपैकी अनेकांची मैदाने कशी असतात, हे तपासणीच्या दिवशी तिथे आखली जाणारी चुन्याची ताजी रेघ पाहिलेल्यांना सांगायला नको.

पालकांची आणि वॉर्डन मॅडमची भीती मी अनाठायी मानत नाही. धरणाच्या काठाशी सेल्फी काढताना पाय घसरू शकतो, सहस्रकुंडचे पाणी पावसाळ्यात कोणाची गय करीत नाही आणि मुलीला काही झाले तर पहिला जाब वॉर्डनलाच विचारला जातो. मात्र या भीतीवर फाटकाला कुलूप लावण्याचाच उपाय आपण किती दिवस करणार? हीच मुलगी पुढच्या वर्षी रात्रपाळीत कॅज्युअल्टीत उभी राहणार आहे, मद्यपी नातेवाइकाला शांत करणार आहे, आणि सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये किनवटच्या बाजूच्या एखाद्या तांड्यावर घरोघर फिरणार आहे. तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि रविवारी सकाळी टेकडीवर जायला मात्र तीन सह्यांचा आउटपास मागायचा, यात कुठेच मेळ बसत नाही.

माझी मागणी मोठी नाही. दोन्ही विद्यापीठांनी आपापसात लेखी समजूत करून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना, मुलगे असोत वा मुली, त्यांच्या महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर विष्णुपुरीच्या परिसरातील मैदान आणि फिरण्याच्या वाटा खुल्या कराव्यात. महाविद्यालयांनी ठरावीक रविवारी सकाळी बस, दोन शिक्षिका आणि प्रथमोपचाराची पेटी एवढी तयारी ठेवावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या, अभ्यासक्रमात स्वयंअध्ययन व सहशालेय उपक्रमांसाठी तास राखलेले आहेत. ते वेळापत्रकात भरून दाखविण्यापेक्षा यासाठी वापरावेत. वाटेत घोणस आणि मण्यार यांतला फरक, उन्हाची बाधा झालेल्या माणसाला सावलीत आणून काय करायचे, हे शिक्षिकेने बोलता बोलता सांगितले तर उत्तमच. मात्र ते सांगितलेच पाहिजे, असा नियम करू नये. आपल्याकडे कोणताही चांगला उपक्रम फलक धरून काढलेल्या फोटोत आणि अहवालाच्या फाइलीत अडकतो. मग मुलींना तोही एक पोस्टिंगसारखाच वाटू लागतो.

वर्षाची सहल हा याला पर्याय नाही. ती परीक्षेनंतर, म्हणजे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर निघते आणि बहुतेकींना तिचा खर्च परवडत नाही. नांदेडचे हवामान पाहता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चालण्यासाठी योग्य आहेत, त्यामुळे निर्णय दिवाळीपूर्वी झाला तर याच वर्षीच्या पहिल्या तुकडीला त्याचा उपयोग होईल. रात्रपाळी करून आलेल्या मुलींना मात्र त्या सकाळी झोपू द्यावे, आणि त्यांची गैरहजेरी मांडू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, नांदेड