सावलीच्या वहीबद्दल, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,

तुम्हाला आमची शाळा आठवत असेल का, ठाऊक नाही. विज्ञान दिनाला पुण्याच्या आयुकात, तुमच्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, किती मुलं येतात, त्यात गेल्या वर्षी आमची अकरा. जीप करून आलो होतो आम्ही, आंबेगाव तालुक्यातून. फुको लंबकाशी, म्हणजे उंचावरून टांगलेल्या त्या झुलत्या गोळ्याशी, आमची पोरं थांबली ती हलायलाच तयार होईनात. तो लंबक आपली दिशा सोडत नाही, खालची पृथ्वी फिरते, आणि पुण्याच्या अक्षांशावर एक फेरा पुरा व्हायला तीन दिवसांहून जास्त वेळ लागतो, असं तुम्ही सांगत होतात. तेव्हा सहावीतल्या आमच्या एका मुलीनं विचारलं, "आमच्या शाळेत असा लंबक नाही, मग तिथं कसं कळणार?"

मागं रांग लागलेली होती. तरी तुम्ही खाली बसलात आणि तिला म्हणालात, "शाळेत अंगण आहे ना? एक काठी उभी कर. सूर्य डोक्यावर कधी येतो ते मला कळव."

त्यावर मी लगेच बोलले होते, "बारा वाजता." अठरा वर्षं मी हेच शिकवत आले आहे. तुम्ही मला चूक म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "बघून सांगा, बाई." आज हे पत्र लिहायचं मुख्य कारण तेच आहे.

परत आल्यावर तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून एक मीटर उंचीची काठी बसवली. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यांनी आपला ओळंबा आणून ती चारी बाजूंनी सरळ आहे ना ते पाहिलं. पहिल्याच दिवशी अडचण आली. भर दुपारी सावलीची लांबी इतकी हळू बदलते की सगळ्यात आखूड नेमकी कधी, ते पट्टीनं सापडेना. मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर लिहिलं. रात्री साडेदहाला तुमचं उत्तर आलं, सोबत पेनानं काढलेली आकृती: काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल ती वेळ लिहा, दुपारनंतर पुन्हा शिवेल ती लिहा, दोन्हींच्या बरोबर मधली वेळ ती खरी मध्यान्ह. आणि त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिमही मिळते. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषात या काठीला शंकू म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलंत. आर्यभटाचा पुतळा मुलांनी तुमच्याच आवारात पाहिला होता, त्यामुळे त्यांना तो शंकू एकदम आपला वाटला.

मग वही सुरू झाली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पावसानं एक दिवस उघडीप दिली. दुपारची सावली जेमतेम आठ सेंटिमीटर, आणि पडली दक्षिणेला! खूण करणारी मुलगी रडवेली झाली, आपण डबा उलटा फिरवला असं तिला वाटलं. सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, हे मी पुस्तकातून शिकवलं होतं. पण त्या दिवशी मी स्वतः ते पहिल्यांदा पाहिलं. डिसेंबरात तीच सावली एक्क्याण्णव सेंटिमीटर भरली, उत्तरेला.

खरा गोंधळ वेळेचा. ३ नोव्हेंबरला सावली वर्तुळाला शिवली १०.४८ आणि १.४८ला, म्हणजे मध्यान्ह १२.१८ला. १२ फेब्रुवारीला शिवली ११.१४ आणि २.२४ला, म्हणजे १२.४९ला. बारा तर कधी नाहीच, वर एकतीस मिनिटांचा फरक! मुलांनी शाळेचं घड्याळ काढून त्यातला सेल बदलला. या दिवसांत एका वरिष्ठांनी मला अभ्यासक्रम मागं पडल्याबद्दल बरंच ऐकवलं. वही बंद करावी असं मनात आलं होतं. तुमच्याकडे पुन्हा यायचं ठरलेलं होतं, म्हणून टिकली.

यंदा आम्ही ती वही घेऊन आलो. तुम्ही ती पहिल्या पानापासून वाचलीत, बोट ठेवून, एकेक नोंद. सेल बदलल्याची नोंदसुद्धा. मग मुलांना सांगितलंत, की आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे. आपण त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य आपल्याकडे पस्तीस मिनिटं उशिरा येतो. उरलेला फरक पृथ्वीचा: तिचा आस कललेला, कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत दर वेळी नेमके चोवीस तास होत नाहीत. घड्याळ फक्त सरासरी दाखवतं. "तुमचं घड्याळ बरोबर होतं आणि तुमची वहीही," असं म्हणालात तेव्हा मुलांचे चेहरे तुम्ही पाहिलेत ना?

जयंत नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि स्वतः उत्तर लिहीत, हे मी मुलांना वर्गात सांगितलं होतं. आता त्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्या प्रश्नाला तुम्ही वर्षभर उत्तरं दिलीत.

गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण आमच्याच बाजूला आहे. आजवर आमच्या गावात ती "पुण्याच्या साहेबांची" होती. परवा एका पालकानं विचारलं, "बाई, ती दुर्बीण आपल्या वहीसारखंच काहीतरी मोजते का?" मी हो म्हणाले. चुकलं असेल तर सांगा.

१६ मेच्या आसपास आमच्याकडे भर दुपारी सावली नाहीशी होईल. शाळेला सुट्टी असेल, पण मुलं यायचं म्हणतात. गवंडीदादा ओळंबा घेऊन येणार आहेत. गेल्या मेमध्ये मी माहेरी गेले होते, ते बघायचं राहून गेलं. तुम्हाला जमलं तर या, ताई. १२.३१ला लागते मध्यान्ह, आम्ही हिशेब करून ठेवला आहे. जेवायला थांबायचं मात्र नक्की.

तुमची,
सावलीच्या वहीवाली बाई आणि अकरा मुलं