फ्लॅशमधले मराठी धडे भंगारात जाऊ देऊ नका : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळांमधील फ्लॅश ई-साहित्याचे जतन आणि संगणकांच्या निर्लेखनाआधी घ्यायची काळजी

सन्माननीय महोदय,

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळांच्या संगणक कक्षांत जुनी यंत्रे बदलण्याचा आणि निर्लेखनाचा (नोंदीतून कमी करून भंगारात काढण्याचा) विषय आता निघणारच. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची नोंद असते, हार्डडिस्कवर काय आहे याची नसते. त्या हार्डडिस्कवर आणि कपाटातल्या सीड्यांवर फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन-तंत्रज्ञानात बनवलेले मराठी धडे आहेत : पचनसंस्थेची हलती चित्रे, विद्युत मंडल जोडून पाहण्याचे खेळ, बाराखडीचा सराव, अपूर्णांकांच्या चाचण्या. चालत नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरवले जात आहेत. ते चालू शकतात आणि त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

फ्लॅशच्या फाइली चालवणारा प्लेअर परत येणार नाही, आणि यावाही असे आम्हांला वाटत नाही. १९९६ मध्ये आलेले हे तंत्रज्ञान २००५ मध्ये अडोबीकडे गेले. पहिली अनेक वर्षे यूट्यूबसुद्धा त्यावरच चालत होते. आयफोनने त्याला कधीच जागा दिली नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने मोबाइलसाठीचा प्लेअर थांबवला, जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूब वेगळा प्लेअर न लागणाऱ्या एचटीएमएल-५ वर गेले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी सपोर्ट बंद झाला. १२ जानेवारी २०२१ पासून शेवटच्या आवृत्त्यांनी फाइल चालवणेच नाकारले, कारण ती तारीख प्लेअरमध्येच घातलेली होती. त्याच महिन्यात क्रोम ८८ आणि फायरफॉक्स ८५ मधून फ्लॅश काढून टाकले गेले. शाळेत धडा उघडल्यावर करडा चौकोन दिसतो, तो यामुळे. फाइल बिघडलेली नसते.

हे बंद होण्याची सूचना अडोबीने जुलै २०१७ मध्येच दिली होती, म्हणजे साडेतीन वर्षे आधी. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या महसूल सेवेला जानेवारी २०२१ मध्ये आपले फ्लॅशमधले फॉर्म चालावेत म्हणून स्वतःचा वेगळा ब्राउझर काढावा लागला. वेळेत हात न घातल्यास अशी पाळी मोठ्या यंत्रणांवरही येते.

प्लेअर गेला तरी एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची चालवायला तयार) फाइल वाचण्याची सोय झालेली आहे. रफल नावाचा मुक्त स्रोत प्रकल्प फ्लॅश प्लेअरचे काम नव्याने, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत करतो आणि ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीच्या (ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या कोडच्या) आधाराने चालतो. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून जुनी फ्लॅश ॲनिमेशन दाखवायला हाच वापरला आहे. परवाना मोफत आहे. वेबपानावर त्याची एक स्क्रिप्ट जोडली की जुन्या पानातला फ्लॅशचा टॅग तो आपोआप ताब्यात घेतो. इंटरनेट नसलेल्या शाळेत त्याची डेस्कटॉप आवृत्ती थेट फाइल उघडते.

सगळे धडे मात्र सारख्या सहजतेने चालत नाहीत. फरक आतल्या ॲक्शनस्क्रिप्टचा, म्हणजे फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेचा असतो. आवृत्ती १ आणि २ मधले बहुतेक साहित्य रफलमध्ये नीट चालते. आवृत्ती ३ ही २००६ साली प्लेअर ९ बरोबर आली. तिच्यावर काम बरेच पुढे गेले आहे, पण पूर्ण नाही, म्हणून तिच्या फाइली एकेक करून तपासाव्या लागतात. वर्गवारी अवघड नाही. एसडब्ल्यूएफची पहिली तीन अक्षरे एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस किंवा झेडडब्ल्यूएस असतात (पहिली साधी, उरलेल्या दोन आकार कमी करण्यासाठी दाबलेल्या) आणि चौथ्या बाइटमध्ये एसडब्ल्यूएफच्या आवृत्तीचा आकडा असतो. तो ८ किंवा कमी असेल तर ॲक्शनस्क्रिप्ट ३ असूच शकत नाही. ९ किंवा जास्त असेल तर जेपेक्स या मोफत डीकंपायलरमध्ये (तयार फाइलच्या आतला कोड दाखवणाऱ्या साधनात) फाइल उघडून खात्री करावी. हे काम छोट्या स्क्रिप्टने हजारो फाइलींवर एकदम करता येते.

खरी अडचण मराठी अक्षरांची आहे आणि ती बाहेरचा कोणी सोडवून देणार नाही. त्या काळातला फ्लॅशचा साधा मजकूर-चौकोन युनिकोड देवनागरी नीट जुळवत नसे. जोडाक्षरे फुटत, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडे. म्हणून धडे श्रीलिपी किंवा सी-डॅक या केंद्र शासनाच्या संगणन संस्थेच्या सुरेखसारख्या जुन्या फॉन्टांत बनले. त्या फॉन्टांत मराठी अक्षर हे आतून रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर बसवलेले असते. मजकूर आकृती म्हणून फोडून ठेवला असेल किंवा फॉन्ट फाइलमध्येच भरलेला असेल, तर तो आजही स्वच्छ दिसतो. पण गुण, विद्यार्थ्याचे नाव, एक्सएमएलमधून येणारे प्रश्न हे सगळे बदलत्या चौकोनांत असते, आणि तिथे फॉन्ट भरलेला नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे येतात. मूळ संगणकावर हे लक्षात येत नसे, कारण तिथे तो फॉन्ट बसवलेला असे. म्हणून जुनी हार्डडिस्क पुसण्याआधी तिच्यातले फॉन्टचे फोल्डरही काढून ठेवले पाहिजे. कोणत्या धड्याला कोणता फॉन्ट लागतो हे नोंदवले, तर मजकूर पुढे युनिकोडमध्ये नेता येतो. फॉन्ट हरवला की तोच मजकूर पडद्यावर पाहून हाताने टाइप करावा लागतो. सी-डॅकचे एक केंद्र बेलापूरला आहे. त्यांच्या जुन्या फॉन्टांचे परिवर्तन-तक्ते अधिकृतपणे मागवून घेणे आपल्या विभागाला सहज शक्य आहे.

सीड्यांबाबत घाई आवश्यक आहे. घरगुती बर्नरवर लिहिलेल्या सीडीत माहितीचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरच्या बाजूला बॉलपेनने लिहिले किंवा स्टिकर ओढून काढला तरी ती खराब होते. दमट हवेत तो थर सुटतो, आणि ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. नुसत्या फाइली कॉपी करू नयेत, पूर्ण सीडीची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत घ्यावी. ८एक्स वेगाने एका सीडीला साधारण दहा मिनिटे लागतात. चकती मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नाही. एका ड्राइव्हवर वाचत नसेल तर दुसऱ्यावर लावावी, तरीही अडली तर खराब चकतीतून माहिती वाचवणारे डीडीरेस्क्यू वापरावे. वाचून झाल्यावर एसएचए-२५६ बेरीज (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदवावी, म्हणजे पुढे प्रत बिघडली तर कळते. ७०० एमबीच्या १,००० सीड्या म्हणजे फार तर ७०० जीबी. एकेक टीबीच्या दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या इमारतींत ठेवलेल्या, एवढ्यावर हे भागते.

यानंतर जे बिघडते ते बहुतेक वेळा फोल्डर हलवल्याने बिघडते. मुख्य फाइल बाकीचे धडे सापेक्ष पत्त्याने (स्वतःच्या फोल्डरपासून धरलेल्या) बोलावते, त्यामुळे रचना जशीच्या तशी राहिली पाहिजे. विंडोजला लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक वाटत नाही, लिनक्स सर्व्हरला वाटतो. म्हणून सीडीवर चाललेला धडा सर्व्हरवर टाकताच पहिल्या पानावर थांबतो. पान नुसते डबल-क्लिक करून उघडले तर ब्राउझर सुरक्षेपोटी वेबअसेंब्ली फाइल वाचू देत नाही, शाळेतल्या एका संगणकावर छोटा वेब सर्व्हर चालवावा लागतो. ईएक्सई स्वरूपातल्या धड्यांत प्लेअर आतच असतो, ते विंडोजवर आजही चालतात. त्यांतून एसडब्ल्यूएफ वेगळी काढून ठेवावी. फ्लॅशच्या एफएलव्ही चित्रफिती एफएफएमपेग या साधनाने एमपी-४ मध्ये बदलल्या की त्यांचा प्रश्न संपतो.

आता दोन मार्ग आपल्यासमोर येतील, ते दोन्ही नाकारावेत अशी विनंती आहे. पहिला म्हणजे जुना प्लेअर कुठून तरी उतरवून इंटरनेट असलेल्या संगणकावर बसवणे. सपोर्ट संपल्यापासून अडोबीने त्यातली एकही सुरक्षा-त्रुटी बुजवलेली नाही, आणि ‘फ्लॅश डाउनलोड’ म्हणून मिळणाऱ्या फाइली मालवेअरचे जुने वाहन आहेत. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या धड्यांची पडद्यावरून चित्रफीत करून दीक्षा या शासकीय शिक्षण-पोर्टलवर टाकणे. निवेदनाच्या धड्याला ते चालेल. पण मंडल जोडल्यावर दिवा लागतो हे मुलाने स्वतः करून पाहायचे असते. त्याची चित्रफीत केली की धड्याचा जीवच जातो.

नव्याने एचटीएमएल-५ मध्ये बनवावे असेही काही धडे निघतील : ॲक्शनस्क्रिप्ट ३ मधले, किंवा माउस नुसता वर नेल्यावर उत्तर देणारे, जे टॅबच्या पडद्यावर वापरता येत नाहीत. त्यासाठी धडा बनवताना वापरलेली, बदल करता येणारी मूळ एफएलए फाइल हवी. अडोबीचे ॲनिमेट हे सॉफ्टवेअर त्यातली चित्रे आणि हालचाल एचटीएमएल-५ च्या कॅनव्हासमध्ये नेते, स्क्रिप्ट मात्र नेत नाही. ती जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहावी लागते. एफएलए नसेल तर चित्रेही खोदून काढावी लागतात आणि काम कित्येक पटींनी वाढते. पुरवठादाराच्या करारात मूळ फाइल देण्याची अट नसेल, तर शाळेकडे फक्त एसडब्ल्यूएफ येते.

म्हणून आमचे मागणे असे. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत ‘हार्डडिस्क व सीड्यांवरील शैक्षणिक साहित्याची प्रत घेतली’ असा दाखला अनिवार्य करणारा शासन निर्णय काढावा. शासनाच्या किंवा स्थानिक संस्थांच्या पैशातून बनलेल्या ई-साहित्याच्या एफएलए फाइली, ध्वनिमुद्रणे आणि फॉन्ट पुरवठादारांकडून लेखी मागवाव्यात, आणि पुढच्या प्रत्येक निविदेत मूळ फाइल देण्याची अट घालावी. एचटीएमएल-५ लाही ही अट हवी, कारण दाबून एकत्र केलेल्या जावास्क्रिप्टमधून धडा दुरुस्त करणे तितकेच कठीण असते.

सुरुवात ठाणे जिल्ह्यात करता येईल. ऐरोली-दिघ्याच्या महापालिका शाळा, मुंब्रा-भिवंडीच्या उर्दू शाळा आणि शहापूर-मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळा एकाच जिल्ह्यात आहेत. डिजिटल शाळांच्या चळवळीत ज्या पाष्टेपाड्याचे नाव राज्यभर गेले, ते शहापूर तालुक्यातच आहे. सीड्या गोळा करण्याचे आणि प्रतिमा घेण्याचे काम जिल्ह्याच्या डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) द्यावे, आणि कोणता धडा आजच्या अभ्यासक्रमाला उपयोगी आहे हे बालभारतीच्या विषयतज्ज्ञांनी ठरवावे. मात्र प्रत आधी घ्यावी आणि निवड मागाहून करावी. रफल चालवण्याचे, फॉन्ट तपासण्याचे आणि शिक्षकांना हे शिकवण्याचे तांत्रिक काम करायला आम्ही तयार आहोत.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील शालेय संगणक कक्षांचे तांत्रिक काम पाहणारे काही शिक्षक आणि संगणक अभियंते