मोर्चात मी उलटी चालते

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा आई फोनवर रडली आणि बाबा एक शब्दही न बोलता उठून गेले, तेव्हापासून हे पत्र मनात घोळत होते. फोनवर आपले बोलणे दोन वाक्यांपुढे सरकत नाही. मी समजावू लागते, आईचा आवाज कापरा होतो आणि मग आपण तिघेही तब्येतीच्या विषयाकडे वळतो. म्हणून मी काय करते आणि का करते, ते सलग लिहून पाठवत आहे. एकदा शेवटपर्यंत वाचा आणि मग जितके रागवायचे तितके रागवा.

बातम्यांमध्ये तुम्हाला जे दिसले, ती एका मोर्चाची काही मिनिटे होती. वर्षभरातले माझे बहुतेक काम कागदांचे आहे. निवेदने लिहायची, ती संबंधित कार्यालयात नेऊन द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचे नाही. सुनावणीला बसून कोण काय बोलले याची टिपणे ठेवायची. आणि मतदारयादी घेऊन घरोघर जायचे. बाबा, तुम्ही उत्तरपत्रिका तपासल्यावर गुणांची यादी ताडताना ओळीखाली लाकडी पट्टी धरत असा आणि मी शेजारी बसून आकडे वाचत असे, ते तुम्हाला आठवत असेल. मी आजही यादी तशीच वाचते, पट्टी धरून, एकेक नाव. अशाच एका संध्याकाळी एका बाईंच्या नावापुढे 'मयत' असा शेरा सापडला. त्यांनी स्वतःच दार उघडले होते. मी यादी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि अगदी शांतपणे विचारले, "मी गेले, हे यांना कोणी सांगितले?" त्यांचा अर्ज भरून नाव परत लागेपर्यंत चार खेपा झाल्या. त्या बाई कोणाला मत देतात हे मी विचारले नाही आणि आमच्यापैकी कोणीही कोणाला विचारत नाही. तुला कोणत्या पक्षाने नादी लावले आहे, या बाबांच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे.

हे काम किरकोळ वाटेल, पण चिलीमध्ये पिनोशे यांची लष्करी राजवट अशाच कामाने मतपेटीतून हरली. त्यांनी स्वतःच्या सत्तेची मुदत वाढवण्यासाठी ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सार्वमत घेतले. त्याआधी विरोधकांनी गावोगाव फिरून भ्यालेल्या लोकांना नावनोंदणीसाठी तयार केले, आणि मतदानाच्या दिवशी केंद्राकेंद्रावर आपली माणसे बसवून समांतर मोजणी केली. 'नाही' या बाजूला सुमारे ५५ टक्के मते पडली, आणि आकडे आधीच विरोधकांच्या हाती असल्यामुळे निकाल दडपणे अवघड झाले. पुढे मिरवणुका निघाल्या, त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. पट्टी धरून नावे तपासणाऱ्यांचे छायाचित्र कोण काढणार?

बाबांचा दुसरा प्रश्न असतो की तुझ्या एकटीने काय होणार आहे. एकटीने काहीही होणार नाही, हे मला मान्य आहे. पण एकटी अशी मी नाहीच. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या एका प्राध्यापिकेने एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना सोबत घेऊन महाविद्यालयातील यंत्रावर बसबहिष्काराची हजारो पत्रके रातोरात काढली आणि दुसऱ्या दिवशी ती शहरभर पोहोचवली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सोमवारी बसगाड्या रिकाम्या धावल्या. पुढे ३८१ दिवस लोक पायी चालले, एकमेकांच्या मोटारींतून कामावर गेले, आणि अखेर न्यायालयाच्या निकालाने बसमधील गोऱ्या-काळ्या प्रवाशांची विभागणी संपली. मला नेहमी त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या चौघांचे कौतुक वाटते. आंदोलन म्हटले की आपल्याला भाषण करणारा माणूस आठवतो. प्रत्यक्षात पत्रक छापणारा, पाणी पोहोचवणारा, रात्री दहानंतर बैठकीचा वृत्तान्त लिहून काढणारा माणूस नसेल तर दुसऱ्या दिवशी भाषण ऐकायला कोणी येत नाही.

आता आईच्या भीतीबद्दल. आई, तुझी भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. लाठी कधी आणि कोणावर पडेल हे सांगता येत नाही, गुन्हा दाखल झाला तर वर्षानुवर्षे तारखा सुरू राहतात, आणि नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठांची नजर बदलते. यांपैकी शेवटचा अनुभव मी घेतला आहे आणि तो तुला सांगितला नव्हता, त्याबद्दल क्षमा असावी. पण मोर्चात माझे काम काय असते ते तू ऐक. मी स्वयंसेवक असते, म्हणून मी उलटी चालते, म्हणजे पुढाऱ्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. कोणाला चक्कर येते आहे, कोणाच्या हातात नको ती वस्तू आहे, कोण अनोळखी माणूस विनाकारण चिथावणी देतो आहे, मुलाबाळांसह आलेल्यांना कोणत्या गल्लीतून बाहेर काढता येईल, हे पाहत राहायचे. मागच्या वेळी एका विशीतल्या मुलाने रस्त्याकडेचा दगड उचलला. मी ओरडले नाही; फलकाचे एक टोक त्याच्याकडे देऊन म्हटले, हे धर, माझा हात भरून आला आहे. फलक धरायला दोन्ही हात लागतात. त्याने दगड खाली ठेवला.

ही युक्ती माझी नव्हे. पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहरात १९८९ साली दर सोमवारी संध्याकाळी निकोलाय चर्चमधील प्रार्थनेनंतर लोक मेणबत्त्या घेऊन निघत. मेणबत्ती एका हाताने धरावी लागते आणि वाऱ्यात विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करावा लागतो, त्यामुळे दगडासाठी हात मोकळा राहत नाही, असे तिथले लोक पुढे सांगत. ९ ऑक्टोबरला सुमारे ७०,००० लोक जमले. समोर सशस्त्र दले सज्ज होती, रुग्णालयांना तयारीत राहण्याच्या सूचना होत्या, आणि तरीही गोळी सुटली नाही. बरोबर एक महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली. याउलट चौरीचौऱ्याला फेब्रुवारी १९२२ मध्ये जमावाने पोलीस चौकी पेटवली, तीत २० हून अधिक पोलीस मृत्युमुखी पडले, आणि गांधीजींनी देशभर चाललेले असहकाराचे आंदोलन थांबवले. हा निर्णय अनेकांना तेव्हा पटला नव्हता. मोर्चात उलटे चालायला लागल्यापासून मला तो समजतो.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातील ३२३ चळवळी तपासल्या, त्यांत अहिंसक चळवळींपैकी निम्म्याहून थोड्या अधिक यशस्वी ठरल्या, तर सशस्त्र चळवळींपैकी सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे शांततेने लढूनही जवळजवळ निम्म्या वेळा हरावे लागले आहे, आणि अलीकडे हे प्रमाण आणखी घटले आहे. हे मी लपवत नाही, कारण जिंकण्याची खात्री आहे म्हणून मी जाते असे तुम्हाला वाटू नये. ज्या बाईंना यादीने मयत ठरवले त्यांच्या दारावरून मी एकदा जाऊन आले आहे. आता घरी बसून राहणे मला जमत नाही.

आई, तू म्हणालीस, "लोकांच्या मुलांना जाऊ दे, तू नको." ते वाक्य मी विसरू शकत नाही, कारण तुझ्यासारख्याच आयांची एक हकीकत मला माहीत आहे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने उचलून नेलेल्या मुलांचा ठावठिकाणा विचारायला ३० एप्रिल १९७७ रोजी १४ बायका ब्युनोस आयर्समधील प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. पोलिसांनी थांबून राहायला मनाई केली, म्हणून त्या दोघीदोघी मिळून चालू लागल्या. पुढे दर गुरुवारी चालत राहिल्या. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरे कापड बांधू लागल्या, आणि सुरुवातीला ते कापड म्हणजे बाळाची लंगोटी होती. त्यांतल्याही काहीजणींना पुढे उचलून नेले गेले. आपली मुले नाहीशी होईपर्यंत त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी कधी सभेचे तोंडही पाहिले नव्हते. तुझ्यावर असे चालायची वेळ येऊ नये, एवढेच मला वाटते.

येत्या रविवारी पुन्हा मोर्चा आहे. परवानगीची प्रत, मार्ग आणि वेळ सोबतच्या कागदावर लिहिली आहे. त्याखाली आमच्या वकिलांचा दूरध्वनी क्रमांक आहे. तोच मी शाईने मनगटाच्या वर लिहून ठेवते, कारण भ्रमणध्वनी काढून घेतला जाऊ शकतो. मी सायंकाळी सातपर्यंत फोन करीन. आठ वाजेपर्यंत आला नाही तर आधी त्या क्रमांकावर विचारा, नातेवाइकांना फोन करत बसू नका. आणि बाबा, पुढच्या निवेदनाचा मसुदाही सोबत आहे. भाषा बरोबर आहे का, ते लाल शाईने तपासून पाठवाल का? शुक्रवारपर्यंत मिळाला तर शनिवारी छापता येईल.

तुमची,
लेक