तो गोलरक्षक नव्हता!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावरचा, अमेरिकन फुटबॉलचा जुना खेळाडू आणि प्रशिक्षक फ्रँक राइक याच्यावरचा ‘पराभूत प्रशिक्षक’ हा लेख वाचला. पत्र लिहिणार नव्हतो, पण आज सकाळी चहाबरोबर तोच पेपर पुन्हा हाताला लागला आणि राहवलं नाही. आडनाव राइक आहे, ‘राइश’ नव्हे. हिटलरच्या राज्याशी या गृहस्थाचा काही संबंध नाही. तो खेळायचा क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे आक्रमण चालवणारा, पास फेकणारा गडी; ‘गोलरक्षक’ नव्हे. त्या खेळात गोलरक्षक नावाचा प्राणीच नसतो. सोबतच्या फोटोतला चेंडूही गोल आहे, त्यांचा लांबट असतो. असो, तुमच्याकडे दुसरा फोटो नसेल.

माझा खरा राग मथळ्यावर आहे. ३ जानेवारी १९९३ ला मी अमेरिकेत बफेलोत शिकत होतो. त्या दिवशी गावच्या बफेलो बिल्स संघाचा बाद फेरीचा सामना होता. तिकिटं सगळी खपली नाहीत, म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे सामना गावातल्या टीव्हीवर दाखवलाच नाही. मी रेडिओ लावून खिचडी करत बसलो होतो. बफेलोचा नेहमीचा क्वार्टरबॅक जिम केली जायबंदी, म्हणून राखीव राइक मैदानात. मध्यंतराला समोरचा संघ ह्यूस्टन ऑइलर्स २८-३ पुढे. नंतर लगेच राइकचा पास ह्यूस्टनवाल्याने मधल्यामध्ये पळवला आणि ३५-३. ‘बदली माणूस, दुसरं काय होणार!’ असं म्हणून मी रेडिओ बंद केला आणि कपड्यांचं गाठोडं उचलून लाँड्रोमॅटला, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, गेलो.

तिथे एका म्हातारबांचा रेडिओ चालूच होता. ते मोज्यांच्या जोड्या लावायचं सोडून एकच मोजा हातात धरून उभे. विचारलं तर म्हणाले, ३५-३१! मला वाटलं, थट्टा करताहेत. राइकने उत्तरार्धात टचडाउनचे (चेंडू विरोधी टोकाच्या पट्ट्यात पोचला की सहा गुण) चार पास टाकले आणि जादा वेळेत बफेलो ४१-३८ ने जिंकलं. मध्यंतरात उठून गेलेले काही जण आत शिरायला कुंपणावर चढले म्हणे. माझा एक शर्ट त्या गडबडीत तिथेच राहिला, तो काही परत मिळाला नाही.

तुमचे लेखक म्हणतात, सर्वांत मोठी पिछाडी भरून काढण्याचा हा विक्रम ‘आजही अबाधित’. बाद फेरीपुरता, हो. पण १७ डिसेंबर २०२२ ला मिनेसोटा व्हायकिंग्जनी ०-३३ वरून ३९-३६ असा सामना फिरवला. कोणाविरुद्ध? इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध, ज्यांनी आपला मुख्य प्रशिक्षक राइक याला घरी बसवून सहा आठवडेही झाले नव्हते! आणि व्हायकिंग्जचा प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल हाही एकेकाळचा राखीव क्वार्टरबॅकच. एवढा मसाला समोर असताना तुम्ही चौकट कसली टाकलीत, तर कॅरोलायना पँथर्सनी ११ सामन्यांत काढून टाकल्याची. त्यात १ विजय आणि १० पराभव, कबूल. पण १९९५ मध्ये याच पँथर्सच्या पहिल्यावहिल्या सामन्यात क्वार्टरबॅक तोच होता, हे चौकटीत मावलं नाही. कोल्ट्सचा प्रशिक्षक म्हणून नियमित हंगामांत ४० सामने जिंकून ३३ हरला, तेही नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा आक्रमणाचा प्रशिक्षक राइक, मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन (बहुतेक कारकीर्द दुसऱ्याच्या जागी उभं राहण्यात गेली) आणि मैदानावर जखमी क्वार्टरबॅक वेन्ट्झच्या जागी आलेला निक फोल्स. तीन बदली माणसांनी नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या संघाला ४१-३३ ने घरी पाठवलं. वर्षानुवर्षं कडेला उभं राहून दुसऱ्याचा खेळ वाचणारा पुढे शिकवायला लागतो, यात नवल काय? आपल्याकडचा बारावा गडी पाणी नेता नेता कुठल्यातरी कचेरीत चिकटतो, ते वेगळं.

२०२५ च्या हंगामासाठी त्याला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून बोलावलं ते अँड्र्यू लकने, म्हणजे कोल्ट्समधल्या त्याच्याच क्वार्टरबॅकने. ‘पराभूत’ माणसाला त्याचा खेळाडू कशाला बोलावेल, हे लेखकाला विचारून कळवावं.

जाता जाता : गेल्या बुधवारच्या शब्दकोड्यात आडवा ११ आणि उभा ७ यांचं एकमेकांशी जमत नाही. उत्तर अजून छापलेलं नाही. विसरलात, की तुम्हालाही सुटलं नाही?

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज